रंगकाम काढताय? घरात राहून की घर मोकळं करून

दिवाळीच्या तोंडावर रंगारी ठरला की घरात हमखास वाद होतो: एकेक खोली मोकळी करत इथेच राहायचं, की आठवडाभर बिऱ्हाड हलवायचं? बहुतेक जण खर्च बघून ठरवतात. मी म्हणेन, भिंती किती घासाव्या लागणार ते बघून ठरवा. वासाचा उगाच बाऊ होतो. इमल्शनचा, म्हणजे भिंतीच्या पाण्यातल्या रंगाचा, वास खिडक्या उघड्या ठेवल्या की निवळतो. खरा छळ धुळीचा.

भिंती धड असतील आणि रंगाचे नुसते दोन हात मारायचे असतील, तर खुशाल घरात राहा. सामान खोलीच्या मधोमध ओढून प्लास्टिकने झाका. भिंतीलगत रंगाऱ्याचा घोडा (दुपायी शिडी) फिरेल इतकी जागा हवी. जमिनीवर नुसता पेपर नको, ओल्या रंगावर पाय पडला की तो फाटतो. यात तोटा एकच, काम लांबतं. पहिला हात वाळेपर्यंत दुसरी खोली मोकळी नसेल, तर रंगारी बसून राहतो. म्हणून रोजंदारी नको, चौरस फुटाचा दर ठरवा.

पूर्ण भिंतींना पुट्टी (भिंत सपाट करणारा पांढरा लेप) लागणार असेल तर गोष्ट वेगळी. वाळलेली पुट्टी घासताना उडणारी पांढरी भुकटी दाराच्या फटीतूनही निघते आणि पंख्याच्या पात्यावर, एसीच्या जाळीत, डाळीच्या डब्यांवर जाऊन बसते. घरात दमेकरी किंवा रांगतं मूल असेल तर घर सोडाच. जुन्या इमारतीत आणखी एक धोका आहे. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात, विशेषतः दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये, शिसं असू शकतं. तो कोरडा घासू देऊ नका. ओला करून घासायला सांगा आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

घर सोडलं तरी रोज संध्याकाळी एक चक्कर हवीच. प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारला की नाही, हे वर रंग चढल्यावर कोण सांगणार? दागिने, कागदपत्रं अर्थात सोबत न्यायची.

काहीही ठरवा, ओल आधी. पावसाळ्यात भिजलेल्या भिंतीची गळती बंद करून ती ऑक्टोबरच्या उन्हात सुकू द्या, नाहीतर नव्या रंगालाही पोपडे धरतील. खिळे उपटणं, पडद्यांचे रॉड काढणं, शेवटी फरशी पुसणं कोणाकडे, हेही आधीच बोलून घ्या. कंपनीची सेवा घेतली तर झाकणं-पुसणं बहुधा दरातच असतं. ओळखीचा रंगारी स्वस्त पडतो, पण ते तुमच्यावर सोडतो.

दोन्ही जमत नसेल तर घासकामाच्या दिवसांपुरते नातेवाइकांकडे जा, आणि फरशी, पंखे ओल्या फडक्याने पुसून झाले की परत या. रंगाचे हात घरात राहून निभतात.