थंडीपावसातले ग्लोव्हज: जाड, चिकटवलेले की बॅटरीवाले?

हिवाळ्यात बाईकवर आधी बोटं दगा देतात. छातीला विंडशील्डचा, पायांना इंजिनाचा थोडा तरी आधार असतो. हात मात्र थेट वाऱ्याच्या तोंडी. ५ अंश तापमानात ८० च्या वेगाने गाडी चालवली, तर उघड्या कातडीला ते उणे ३ च्या आसपास जाणवतं. त्यात पाऊस असेल तर विचारायलाच नको. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातोय याचा अंदाज जातो. म्हणून ग्लोव्हजच्या निवडीला मी सुखसोयीची बाब मानत नाही.

गेल्या काही हिवाळ्यांत मी तीन प्रकार वापरले. एक, आत सुटी मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) आणि सुटं अस्तर असलेले जाडजूड ग्लोव्हज. दोन, मेम्ब्रेन बाहेरच्या थराला चिकटवलेले, मध्यम जाडीचे. आणि तीन, बॅटरीवर गरम होणारे. पाणी तिघांनीही आत येऊ दिलं नाही, त्यामुळे निवाडा त्यावर झाला नाही.

जाड जोडीची ऊब खरी आहे. हातात घालताच हायसं वाटतं, आणि कोरड्या थंडीत पहिला दीडेक तास मला काहीच तक्रार नव्हती. इंडिकेटरचं बटण चाचपडावं लागायचं, पण त्याची सवय होते. सवय झाली नाही ती अस्तराची.

एकदा पावसात पेट्रोल भरायला थांबलो. आत हात थोडे घामेजलेले, शिवाय टाकीचं झाकण उघडताना ओले झालेले. उजवा ग्लोव्ह ओढला आणि हातासोबत अस्तरही बाहेर आलं. अनामिका आणि करंगळीची अस्तराची बोटं पूर्ण उलटी होऊन बाहेर लोंबत होती. पेट्रोल भरून झालं, गाडी बाजूला घेतली आणि त्या दोन बोटांना परत जागेवर घालायला लागलो. किल्लीच्या मागच्या टोकाने ढकललं, पेनाने ढकललं. करंगळीचं अस्तर अनामिकेच्या घरात जायचं, ते बाहेर काढलं की दुसरं यायचं. पाऊस चालूच, हात पुन्हा ओला, आणि ओला हात आत सरकत नाही म्हणून जोर लावला की अस्तराचा आत बोळा व्हायचा. पंधरावीस मिनिटं गेली. शेवटी दोन बोटं एकाच घरात कोंबून निघालो. ग्लोव्हचं करंगळीचं रिकामं बोट लिव्हरवर लटपटत होतं आणि ब्रेकवर नीट बोटं ठेवता येत नव्हती. घरी पोहोचेपर्यंत मी एवढाच विचार करत होतो की समोर अचानक कोणी आलं तर काय.

हे असं का होतं, ते समजून घेतलं तर खरेदी सोपी जाते. या प्रकारात बाहेरचं चामडं किंवा कापड, मधे मेम्ब्रेनची पंजाच्या आकाराची पिशवी आणि आत उबदार अस्तर, असे तीन वेगळे पंजे एकात एक बसवलेले असतात. मेम्ब्रेनला टाके घातले की प्रत्येक टाक्याचं भोक होतं, म्हणून तिला बोटांच्या टोकाशी छोट्या पट्ट्यांनी किंवा गोंदाने धरलेलं असतं. ती पकड ढिली पडली की ओल्या हाताला चिकटून सगळं बाहेर येतं. सगळ्याच जाड ग्लोव्हजमध्ये असं होतं असं मी म्हणणार नाही. चांगले पक्के केलेलेही असतात. पण माझ्या जोडीत पहिल्याच हिवाळ्यात झालं, आणि एकदा सुटलेलं अस्तर पुन्हा पहिल्यासारखं बसलं नाही.

सुट्या थरांचा आणखी एक त्रास हळूहळू लक्षात येतो. थर एकमेकांवर सरकतात, त्यामुळे थ्रॉटल धरताना जरा जास्त आवळून धरावं लागतं. लांबच्या प्रवासात कोपराखालचा हात भरून येतो, आणि आपण दोष थंडीला देतो.

चिकटवलेल्या प्रकारात मेम्ब्रेन आणि आजूबाजूचे थर मिळून एकच कातडी असल्यासारखे वागतात. गोअर-टेक्स मेम्ब्रेनच्या काही ग्लोव्हजवर ‘गोअर ग्रिप’ लिहिलेलं असतं, ते हेच. इतर कंपन्यांची आपापली नावं आहेत. हात ओला असो, घामेजलेला असो, काढा आणि घाला. क्लच कुठे पकडतोय ते बोटांना कळतं. फक्त ऊब कमी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नुसते हे ग्लोव्हज घालून ५ अंशांत तासभर गेलो तेव्हा बोटांची टोकं दुखायला लागली होती.

पण त्याला उपाय आहे, आणि माझ्या मते तो ग्लोव्हजच्या बाहेर आहे. हीटेड ग्रिप्स, म्हणजे गरम होणाऱ्या हँडलच्या मुठी, तळहात गरम करतात, हाताची मागची बाजू वारा गार करतो. म्हणून ग्रिप्सच्या जोडीला हँडगार्ड (हातापुढची वारा अडवणारी ढाल) किंवा बार मफ (हँडलवर चढवायचं जाड आवरण, ज्यात हात घालायचा) लावले की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. जाड ग्लोव्हजमध्ये तळहाताशी एवढा भराव असतो की ग्रिपची उष्णता हातापर्यंत पोहोचतच नाही. पातळ तळवा असलेल्या जोडीत ती दोन मिनिटांत जाणवते. शिवाय हँडगार्डमुळे पावसाचा मारा कमी होतो. बाहेरचा थर पाणी प्याला की आत हात कोरडा असूनही गार पडतो, कारण ते पाणी वाऱ्याने उडताना उष्णता घेऊन जातं. बरेच जण याला गळती समजून चांगली जोडी टाकून देतात.

बॅटरीवाल्यांना ऊब मोजायची झाली तर तोड नाही. तारा हाताच्या मागच्या बाजूने बोटांच्या टोकापर्यंत जातात, म्हणजे नेमकं जिथे वारा लागतो तिथे गरम. ज्यांची बोटं थंडीत पांढरी पडतात, त्यांनी थेट हेच घ्यावेत, बाकी काही वाचू नये. माझी अडचण रोजच्या वापरातली होती. मनगटाशी बॅटरी असल्याने ग्लोव्ह जॅकेटच्या बाहीत जात नाही. पूर्ण तापमानावर माझी जोडी दोन तासांच्या आसपास चालायची, आणि एकदा संपली की उरतो तो एक जाड ग्लोव्ह. रोज रात्री दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावायची शिस्त ज्याला आहे, किंवा गाडीच्या १२ व्होल्टवरून वायर घ्यायची तयारी आहे, त्याचा अनुभव माझ्यापेक्षा चांगला असू शकेल.

संरक्षणाचं थोडक्यात. तिन्ही प्रकारांत ईएन १३५९४ ची, म्हणजे बाईकच्या ग्लोव्हजसाठीच्या युरोपीय मानकाची, खूण असलेलेच घ्या. त्यात लेव्हल १ आणि लेव्हल २ असतात, आणि ‘केपी’ लिहिलेलं असेल तर सांध्यांवरच्या कवचाची चाचणी झालेली आहे. पडताना माणूस तळहात पुढे करतो, म्हणून मनगटाजवळच्या तळव्यावर रस्त्यावरून घसरेल असा कडक तुकडा आहे का, तेही बघावं. आणि मनगटाचा पट्टा लावून ग्लोव्ह जोरात ओढून पाहावा. निघाला तर पडतानाही निघेल. स्कीइंगचे ग्लोव्हज कितीही उबदार असले तरी ते या कामासाठी बनवलेले नाहीत.

माप घेताना मूठ हँडलसारखी वळवा. बोटाचं टोक शिवणीला टेकत असेल तर एक माप मोठं घ्या. घट्ट ग्लोव्हमध्ये रक्त फिरत नाही आणि हवेचा थरही दाबला जातो.

दुकानात अजून एक गोष्ट करून बघा, मी आता नेहमी करतो. हात किंचित ओला करून ग्लोव्ह घाला आणि बोटांच्या टोकांना धरून झटक्यात ओढा. असं सात-आठ वेळा. जाड जोडी घ्यायचीच असेल तर निदान या कसोटीत अस्तर जागेवर राहिलेली घ्या. दुकानदार नाही म्हणाला, तर आत दोन बोटं घालून अस्तराचं टोक चिमटीत धरून हलकेच ओढा. कितपत सैल आहे ते लगेच कळतं.

माझ्याकडे जाड जोडी अजून आहे, कोरड्या थंडीत जवळच्या फेरीला घालतो. पावसाचं आभाळ दिसलं की हात आपोआप चिकटवलेल्या जोडीकडे जातो. मागच्या वेळी भर पावसात वाटेत चारदा थांबलो, चारही वेळा ओल्या हाताने ती काढली आणि घातली. पाचही बोटं पाच घरांत.