शेणाचं घर 'मड हाऊस' कसं झालं? लोककथांच्या इंग्रजी चित्रपुस्तकांचा आठ महिन्यांचा अनुभव

परवा चिऊकाऊच्या पुस्तकाची मधली पिन निघाली आणि चार पानं हातात आली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "मुलांनी ओढलं असेल." दुसरीची पोरं पुस्तक ओढणार नाहीत तर काय देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहणार? सहा पुस्तकांचे ९०० रुपये, तेही माझ्या खिशातले. शेवटी दाभण आणि गोधडीचा दोरा घेऊन सहाही मीच शिवली. आता हलत नाहीत.

जूनमध्ये तर वाटलं, पैसे पाण्यात गेले. गोष्ट आधीच पाठ, मग इंग्रजीकडे बघतंय कोण? मी 'क्रो' म्हणायचा अवकाश, वर्ग पुढचं सगळं मराठीत सांगून मोकळा. दिवाळीनंतर मात्र हेच पाठ असणं कामाला आलं. कावळा दार वाजवतो आणि चिमणी दर वेळी नवं कारण काढते: 'वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी', मग 'फीडिंग', मग तीट. अर्थ सांगावा लागत नाही, पोरं नुसते शब्द उचलतात. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हापासून हे 'आयएनजी' मी फळ्यावर घासतोय. आता वही मागितली की मागच्या रांगेतून येतं, 'वेट सर, आय ॲम शार्पनिंग माय पेन्सिल!' भोपळ्यातल्या म्हातारीनं 'आय विल' असंच फुकटात शिकवलं: लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा.

पण ते 'मड हाऊस'! कावळ्याचं घर शेणाचं, हे शेंबडं पोरही सांगेल. इंग्रजीत यांना शेणाची लाज वाटली, मातीचं करून टाकलं. एका मुलीनं सरळ विचारलं, "सर, आमचं घर मातीचंच आहे, ते कुठं वाहून गेलं?" काय सांगणार? गोष्टीचा पायाच काढून घेतला की. शेणानं सारवलेल्या ओसरीवर वाढलेल्या मुलांपासून शेण लपवायचं!

स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरून पुस्तकं फुकट उतरवता येतात, छापता येतात, मजकूर बदलायचीही मुभा आहे, हे मला ९०० रुपये गेल्यावर कळलं. पुढचा संच मी घेणार नाही, हा मात्र वापरणार. 'मड'वर प्रत्येक पानाला 'डंग' लिहिलेली पट्टी चिकटवलीय. एकानं शेजारी पेन्सिलीनं शेणाचा पो काढलाय, वर माशांसकट. तो मी खोडलेला नाही.