एम.टेक. एनर्जी: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

चार सेमिस्टर, प्रवेश परीक्षा, विषयांची यादी हे सगळं माहितीपत्रकात आहे, ते इथे उगाळत नाही. माझी तक्रार गच्चीवर आहे.

आमच्या विभागाच्या गच्चीवर १० किलोवॉटचं सोलार आहे आणि त्याच्या शेजारी खांबावर एक पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली काळी चकती. ऊन पडलं की ती तापते, काही मिलिव्होल्ट देते आणि त्यावरून दर चौरस मीटरला किती वॉट ऊन पडतंय ते कळतं. माझा प्रकल्प एवढाच की पडलेल्या उन्हात पॅनेलनी आपल्या क्षमतेप्रमाणे जेवढी वीज द्यायला हवी, त्यातली प्रत्यक्षात किती टक्के दिली ते काढायचं. याला पीआर, म्हणजे परफॉर्मन्स रेशो म्हणतात. बऱ्या प्लांटचा ७५ ते ८५ टक्के येतो. माझा आला १०४.

सर म्हणाले, "वा! दुरुस्त कर, नाहीतर नोबेलचा फॉर्म भर."

आधीच्या बॅचचे रिपोर्ट काढून बघितले. सगळ्यांचे ८१, ८२ असे सुबक आकडे. कसे आले ते विचारू नका.

हे उपकरण साधारण दर दोन वर्षांनी कॅलिब्रेट, म्हणजे प्रमाण उपकरणाशी ताडून घ्यायचं असतं. आमच्या प्रमाणपत्राची मुदत संपून चार वर्षं झाली. आतली सिलिका जेल ओल धरली की निळ्याची गुलाबी होते. आमची गुलाबी होऊन पुढे कुठल्या रंगाला गेली ते सांगता येत नाही. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर तो म्हणे एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपलीय, नुसतं येऊन बघायचे साडेसहा हजार, वर जीएसटी, कॅलिब्रेशनचं वेगळं. विभागात सांगितलं तर तीन कोटेशन आणा, मग खरेदी समिती. समिती बसते सेमिस्टरला एकदा. मी फी भरली तेव्हा माझ्याकडे कुणी तीन कोटेशन मागितली नव्हती.

आणि फीचं निघालंच आहे म्हणून. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरावरच्या ३ किलोवॉट सोलारला ७८ हजारांचं अनुदान मिळतं. माझ्या दोन वर्षांच्या फीत बाबांनी कराडच्या घरावर सोलार बसवून वर नवा फ्रीज आणला असता. हे वाक्य ते दर सुट्टीत म्हणतात. माझ्याकडे उत्तर नसतं.

बाकीचं भराभर सांगतो. एनर्जी ऑडिटचं प्रॅक्टिकल उत्तम, मेसच्या डीप फ्रीझरवर मीटर लावून आम्ही मॅनेजरची झोप उडवली. ऊर्जा अर्थशास्त्र म्हणजे स्लाइड वाचन. वर्गातला एसी १८ वर. २०२० पासून नव्या रूम एसीचं डिफॉल्ट २४ करायला लागतं, हे त्याच वर्गात, त्याच १८ अंशांत स्वेटर घालून शिकलो. नोकऱ्यांचं म्हणाल तर सीनियर एकतर सोलार कंपन्यांत साइटवर आहेत किंवा युरोपच्या कार्बन सीमाकरासाठी कारखान्यांची माहिती भरताहेत. अभ्यासक्रमाला एकूण पाचात दोन गुण.

इथवर गणपतीत लिहून ठेवलं होतं. आता दिवाळी झाली, आणि मला थोडं माघारी यावं लागतंय.

समितीची वाट बघून कंटाळलो आणि एका रविवारी डिस्टिल्ड वॉटर, मऊ फडकं घेऊन स्वतःच वर चढलो. घुमटावर कबुतरांची कृपा होतीच, पण ती पुसून पीआर १०४ चा १०३ सुद्धा होईना. मग उपकरणाच्या अंगावरचं लेबल वाचलं. एका वॉटला ९.४ मायक्रोव्होल्ट. खाली येऊन लॉगरची, म्हणजे आकडे नोंदवणाऱ्या यंत्राची सेटिंग उघडली. तिथे १२.४! म्हणजे ज्याने भागून ऊन काढायचं तो आकडाच मोठा. कधीतरी लॉगर बदलताना कुणाचं तरी बोट घसरलं होतं, आणि तेव्हापासून पुण्याचं ऊन आम्ही चौथ्या हिश्शाने कमी मोजत होतो. एवढं समजल्यावर आठवलं, मे महिन्यात भर दुपारी कवटी तडकायची वेळ आली तरी आकडा ७६० च्या वर जात नव्हता. तो हजाराच्या आसपास असायला हवा हे मला तेव्हाही माहीत होतं. पण स्क्रीनवर आहे म्हणजे बरोबरच असणार, नाही का. नव्या आकड्याने पीआर आला ७९. खर्च शून्य रुपये. साडेसहा हजार वाचवल्याचा आनंद मला त्या ७९ पेक्षा जास्त झाला, लपवत नाही.

पण मत बदललं ते दुसऱ्याच कारणाने. रात्री हे यंत्र उणे आकडे दाखवतं. सीनियरनी शिकवलं होतं, एक्सेलमध्ये सरळ शून्य करून टाकायचे. या वेळी सगळा डेटा नव्याने मोजायचा होता म्हणून ते खोडण्याआधी बघितले. गेल्या डिसेंबरातल्या निरभ्र रात्री उणे ४, जुलै-ऑगस्टच्या भरल्या आभाळात जवळपास शून्य. क्लायमेटच्या मॅडमना दाखवलं तर त्या खुर्चीतून उठल्या. काचेचा घुमट आपली उष्णता थंड आकाशाला देऊन चकतीपेक्षा गार होतो, म्हणून आकडा उणे. ढग आले की ते खाली उष्णता परत पाठवतात, घुमट गार होत नाही. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हेच करतात, फक्त दिसत नाहीत. पहिल्या सेमिस्टरला हरितगृह परिणामावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं मी. नऊ पडले होते. समजलं ते आत्ता, जो कचरा म्हणून फेकत होतो त्या रकान्यात.

मॅडमनी मग हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणींचं सांगितलं. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, बाहेरून मागवावी लागणारी उपकरणं इथेच घडवायच्या कामात पडल्या, आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभी केली. त्याच हवामान खात्याच्या सिमला ऑफिसवरून मी रोज बसने जातो. आजवर तो माझ्यासाठी फक्त एक स्टॉप होता.

तर पाचात साडेतीन. अर्धा एसीसाठी कापलाय, तो अजून १८ वरच आहे.

लॉगरवर ९.४ लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय. आणि परवा ऑफिसातून मेल आला. समिती बसली, तिसरं कोटेशन मंजूर झालं, सर्व्हिसवाला सोमवारी येतोय.