गाईच्या लिम्फोसाइटचं अ‍ॅक्टिव्हेशन बघायचंय: सीडी२५, सीडी६९ की सीडी२६?

हे तिन्ही पेशीच्या पृष्ठभागावरचे मार्कर. फ्लो सायटोमेट्रीत (अँटीबॉडीने रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारं मशीन) एकाच मार्करपुरते पैसे असतील तर माझं मत सरळ सीडी२५. पण आधी तुमचं कल्चर किती तासांचं आहे ते सांगा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

सीडी६९ सगळ्यात आधी वर येतो, काही तासांतच, आणि उतरतोही लवकर. सकाळी रक्त काढून संध्याकाळी मशीनवर लावणार असाल तर हाच घ्या, पण पीपीडी (टीबीच्या जंतूंपासून काढलेलं प्रोटीन, म्हणजे अँटिजन) घालून दोन-तीन दिवस ठेवणार असाल तर याच्यावरून फारसं काही कळणार नाही. आणि माणसाची किंवा उंदराची अँटीबॉडी गाईवर चालेल असं धरून चालू नका, ऑर्डर देण्याआधी बोव्हाइन लिहिलंय का बघा.

सीडी२५ म्हणजे आयएल-२ (टी पेशींना वाढायला सांगणारा सिग्नल) याच्या रिसेप्टरची अल्फा चेन. शांत पेशींवर फार कमी असते, अँटिजन ओळखला की एक-दोन दिवसांत मस्त चढते. नैरोबीचा आयएल-ए१११ आणि अमेरिकेतल्या पुलमनचा सीएसीटी११६ए हे सीडी२५च्या अँटीबॉडीचे जुने, भरपूर वापरलेले क्लोन, दोन्हींचा आयसोटाइप (अँटीबॉडीचा उपप्रकार) आयजीजी१, म्हणजे सोबत सीसी८सारखी आयजीजी२ए वाली सीडी४ (मदतनीस टी पेशींचा मार्कर) अँटीबॉडी घेतली की आयसोटाइपप्रमाणे वेगळ्या रंगीत सेकंडरी अँटीबॉडी लावून काम भागतं, आधीच रंग जोडलेले महागडे कॉन्जुगेट लागत नाहीत.

गोची अशी की सीडी४ पेशी आयएल-२ सोडायला लागल्या की ज्यांनी अँटिजन ओळखलेलाच नाही अशा शेजारच्या पेशींवरही सीडी२५ चढू शकतो, आणि वासरांच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशी (टी पेशींचाच एक वेगळा प्रकार) भरपूर असतात, त्यामुळे सगळ्या लिम्फोसाइट मिळून अमुक टक्के पॉझिटिव्ह हा आकडा वासराच्या सॅम्पलवर मला तरी पटत नाही, सीडी४वर गेट लावा (म्हणजे फक्त त्याच पेशी मोजा), डब्ल्यूसी१ (गॅमा-डेल्टा पेशींवरचा मार्कर) वेगळा काढा आणि अँटिजन नसलेली वेल (प्लेटमधला खळगा) प्रत्येक जनावराची ठेवाच. अजून एक, सीडी२५ दिसला म्हणून लगेच ट्रेग (इतर पेशींना दाबून ठेवणारी रेग्युलेटरी टी पेशी) म्हणू नका. गाईत सप्रेशन करताना लॅबमध्ये गॅमा-डेल्टा पेशी दिसल्यात, सीडी२५ जास्त असलेल्या सीडी४ नाही.

सीडी२६ हा पेशीवर बसलेला एन्झाइम, डीपीपी४. अ‍ॅक्टिव्हेशनला वाढतो, स्टॅफ बॅक्टेरियाच्या सुपरअँटिजननेही (एकदम खूप टी पेशी चेतवणारं विष) वाढतो, म्हणून मस्टायटिसवाल्यांना (कासदाह) कामाचा. पण शांत टी पेशींवरही बऱ्यापैकी असतो, त्यामुळे हो-नाही असं उत्तर न मिळता ग्राफवरचा उंचवटा थोडा सरकलेला दिसतो, नवख्याला गेट कुठे लावू कळत नाही. दुसरा मार्कर म्हणून ठीक.

आणि प्रश्न फक्त गाईला टीबी आहे का एवढाच असेल तर यातलं काहीच घेऊ नका, पूर्ण रक्त पीपीडीसोबत रात्रभर ठेवा आणि टी पेशींनी सोडलेल्या गॅमा इंटरफेरॉनची एलायझा (अँटीबॉडीने मोजायची साधी प्लेट-टेस्ट) करा, फ्लोची गरजच नाही.