आकृतीतून गोष्ट की पृष्ठभागावर? हाताने घडवलेल्या मातीचे दोन मार्ग

चाक न वापरता हाताने घडवलेल्या मातीतून गोष्ट सांगायची ठरवली, की पहिला प्रश्न असा पडतो: गोष्ट आकृतीच्या शरीरात बसवायची, की भांड्याच्या अंगावर चितारायची? माती, तिच्या दोरीसारख्या लांब वळ्या आणि भट्टी दोन्हीकडे त्याच असल्या, तरी प्रत्येक मार्गाला मानवणारी गोष्ट वेगळी असते.

पहिल्या मार्गाचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधल्या कोचिटी प्वेब्लो या मूलनिवासी वस्तीतील कुंभारकाम करणाऱ्या हेलन कॉर्डेरो यांचे आहे. १९६४ मध्ये त्यांनी गोष्टी सांगणाऱ्या आपल्या आजोबांच्या आठवणीवरून एक बसलेली आकृती घडवली आणि तिच्या अंगाखांद्यावर मुले बसवली. आजोबा कोणती गोष्ट सांगत आहेत, हे शिल्पात कुठेही नाही. मिटलेले डोळे, उघडे तोंड आणि बिलगलेली मुले एवढ्यावरच सगळे उभे आहे. असे काम पाहताना घटना कळत नाही, नाते मात्र तत्काळ कळते.

या मार्गाची किंमत जोडांवर मोजावी लागते. खांद्यावरचे प्रत्येक मूल म्हणजे एक जोड असतो. दोन्ही पृष्ठभाग खरवडून, त्यांना पाण्यात कालवलेल्या मातीचा दाट घोळ लावून, दोन्हींचा ओलावा सारखा असतानाच तो दाबून बसवावा लागतो, नाहीतर लहान तुकडा लवकर आकसतो आणि सांध्यावर केसासारखी चीर उमटते. वाळणे आणि भाजणे मिळून माती बऱ्याचदा दहाव्या हिश्शाच्या आसपास आकसते, त्यामुळे ही चीर पुढे रुंदावतच जाते. जाड भागात ओल राहिली तर तिची वाफ होऊन तुकडा भट्टीत फुटू शकतो, म्हणून आकृती पोकळ ठेवावी. लांब पसरलेला हात ओल्या मातीला पेलत नाही. जवळ ओढून घेणारी, कवेत घेणारी मुद्रा मात्र ती आनंदाने पेलते. मातीची ही आवड ओळखून मुद्रा ठरवणारा कलावंत मला अधिक प्रामाणिक वाटतो.

दुसऱ्या मार्गावर ब्रिटिश कलावंत ग्रेसन पेरी यांचे वळ्या रचून घडवलेले कलश आठवतात. त्यांना २००३ मध्ये टर्नर पुरस्कार हा ब्रिटनमधील कलापुरस्कार मिळाला. वरून शांत, पारंपरिक दिसणाऱ्या कलशावर ते खरवडलेली चित्रे, अक्षरे आणि छायाचित्रे आणतात. कलश एका नजरेत संपत नाही. पाहणाऱ्याला त्याभोवती फिरावे लागते आणि फिरण्याच्या ओघात प्रसंग उलगडतात. अनेक पात्रे, काळाचा ओघ, मजकूर यांना इथे जागा आहे. मात्र चित्रकलेवर पकड हवी, आणि कोरण्याची वेळही साधावी लागते: कलशावर फासलेला रंगीत मातीचा घोळ फार ओला असताना रेघ फाटते, पूर्ण वाळल्यावर तिच्या कडा पापुद्र्यासारख्या निघतात. आकार दुबळा असेल, तर कलश केवळ गोल गुंडाळलेला कागद होतो, आणि हा दोष मला अधिक गंभीर वाटतो.

उठावशिल्पाची पाटी या दोहोंच्या मध्ये बसते. सपाट लाटलेली माती वाळताना वाकते, एवढेच तिथे आधी लक्षात घ्यावे.

निवडताना आपली गोष्ट मोठ्याने सांगून पाहावी. तिच्यात ‘मग’ आणि ‘त्यानंतर’ पुन्हा पुन्हा येत असतील, तर पृष्ठभाग निवडावा. ‘आई त्याला धरून बसली आहे’ अशा एका वाक्यात ती मावत असेल, तर आकृती निवडावी, आणि आधी तळहाताएवढा नमुना करून ती मुद्रा मातीला पेलते का, हे पाहावे.