हौसेने पाळलेल्या उंदरांचे पिंजरे: काच, तार आणि लाकूड, एक उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. उंदीर चारचौघांना दाखवायचे असतील तर लाकडी खोका आणि त्याला समोरून पाव इंची जाळी, याला तोड नाही. पण तो दाखवण्यापुरताच, राहण्याचं घर वेगळं हवं. काचेची टाकी आपल्या विदर्भात होळीनंतर उंदरांसाठी बादच धरा. बाजारातला बजरीगर पक्ष्यांसाठीचा तारेचा पिंजरा तर कोणत्याच ऋतूत कामाचा नाही.

आम्ही हिंगणघाट तालुक्यातले, कापसाच्या पट्ट्यातले. घरी पांढरे, काळे, बदामी, ठिपक्यांचे उंदीर आहेत. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, ‘काहून बापा, वावरात उंदरं मारायले औषध टाकता अन् घरात पोसता?’ प्रश्न रास्त आहे, उत्तर माझ्याकडे नाही. इथे उंदरांची स्पर्धा कोण भरवणार? आमचं प्रदर्शन तान्ह्या पोळ्याला, ओसरीवर. लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला आलेली पोरं हातातला बैल खाली ठेवून पिंजऱ्याला नाक लावतात. म्हणजे पिंजरा नुसता दिसायला छान असून भागत नाही, पोरांचं बोट आत जाऊ नये आणि उंदीर बाहेर येऊ नये, हेही बघावं लागतं.

काच दिसायला सगळ्यात देखणी, त्यात वाद नाही. पण हवा फक्त वरच्या जाळीतून खेळते, त्यामुळे मुताचा उग्र वास तळाशी साचून राहतो. आणि ऊन! उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. तो अंगाला थुंकी चोपडतो आणि शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो. कूलर चालू असलेल्या खोलीतही टाकीतला थर्मामीटर बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्तच दाखवायचा. एप्रिलच्या दुपारी एक बदामी मादी पोटावर सपाट पडलेली, शेपटी सरळ पसरलेली, पुढच्या दोन्ही पायांनी छातीचे केस थुंकीने ओले करत होती. तेव्हाच सगळ्यांना बाहेर काढलं. वरून ओलं फडकं टाकायचा सल्ला बरेच जण देतात. त्याने आतली हवा दमट होते आणि वारा अडतो, फायदा काही नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र हीच टाकी ऊबदार असते.

तारेच्या पिंजऱ्याबद्दल फार लिहीत नाही. तारांमधलं अंतर अर्धा इंच. उंदराचं डोकं गेलं की मागचं अंग जातंच, आणि बारीक मादीला किंवा नुकत्या दूध सुटलेल्या पिल्लाला एवढी फट पुरते. वरून पुन्हा बारीक जाळी गुंडाळली की आतलं काही दिसत नाही, मग पैसे कशाला घालायचे?

लाकडी खोक्याची कल्पना इंग्लंडची. तिथे १८९५ मध्ये नॅशनल माउस क्लब सुरू झाला, त्यामागे वॉल्टर मॅक्सी हे गृहस्थ होते. प्रदर्शनाचा पिंजरा आजही त्यांच्या नावाने, मॅक्सी म्हणूनच ओळखला जातो. सगळ्यांचे पिंजरे एकसारखे असतात, म्हणजे कुठला उंदीर कोणाचा हे परीक्षकाला कळत नाही. आतून रंग लाल. त्या रंगावर पांढरा, काळा, बदामी, कुठलाही उंदीर उठून दिसतो. शिवाय उंदराला लाल फारसा दिसत नाही, त्यामुळे आपल्याला भडक वाटणारी ती भिंत त्याला अंधारी जागाच वाटत असावी. आमचे उंदीर तरी त्यात लवकर शांत बसतात.

आमच्या सुताराने वॉटरप्रूफ प्लायचे खोके बनवून दिले. फूटभर लांब, सहा इंच खोल, सात इंच उंच. समोर वेल्डेड जी.आय. (जस्त चढवलेल्या तारेची) जाळी, आत ऑइल पेंटचे दोन हात. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत रिकामेच उन्हात ठेवले. एका खोक्यात एकच उंदीर, कारण अनोळखी नर एकत्र टाकले की भांडून एकमेकांची शेपटी आणि पाठ फोडतात.

खोट दोन ठिकाणी निघाली. प्लायची उघडी कड जिथे दाताला सापडली, तिथे उंदरांनी तिचा भुगा केला. आता सगळ्या कडांना ॲल्युमिनियमची पट्टी मारली आहे. दुसरी गोष्ट दाराची. बिजागरीचं लाकडी दार पावसाळ्यात फुगून अडकायला लागलं. त्याजागी वर सरकणारा पत्रा बसवला, तो बरा चालतो. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागतात, नाहीतर लाल मुंग्या आधी दाण्यावर आणि मग पिल्लांवर येतात.

खाली काय अंथरायचं, यावर गावात फुकट सल्ले भरपूर. कापसाचा भाग, म्हणून जो येतो तो मूठभर कापूस काढून देतो. घेऊ नका. कापसाचे लांब धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळतात आणि आवळून पाय सुजतो. सुताराकडचा सागाचा बारीक भुसाही नको, त्याच्या धुळीने माणसालाच शिंका येतात. वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि खाली रंध्याच्या जाडसर ढलप्या, एवढं पुरतं. पण बदलायचं वेळेवर. नराच्या मुताचा वास मादीपेक्षा कितीतरी तिखट असतो, आणि तो एकदा लाकडात मुरला की रंग पुन्हा द्यावा लागतो.

राहायला मोठे प्लास्टिकचे डबे आहेत, दोन्ही बाजू कापून जाळी बसवलेले. दिसायला भिकार, पण हवा आरपार जाते. मे महिना उंदरांनी त्यातच काढला.

एका खोक्याला जाळी, पट्टी, रंग धरून साताठशे रुपये पडले. विकत आणलेल्या टाकीपेक्षा स्वस्तच. करून घ्यायचा असेल तर पोळ्याच्या आधी महिनाभर सुताराच्या दारात जाऊ नका. तो लाकडी बैलांच्या कामात असतो, तुमचा खोका हातात घ्यायचा नाही. दिवाळी झाली की माप घेऊन जा.