सातारा-कोल्हापूर पट्ट्यातील निवासी सैन्यभरती अकादमी: फी भरण्याआधी

जिरायती शेतीवरचा बाप दागिना गहाण ठेवून या अकादम्यांची फी भरतो, म्हणून कसून तपासायला हवे. मुळात परतावा किती? अग्निवीराला, म्हणजे 4 वर्षांसाठी भरती होणाऱ्या जवानाला, पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये ठरलेत. त्यातले 9,000 सेवा निधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या रकमेत, जातात, हातात 21,000 पडतात. 4 वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्केच कायम होतात. कर्जाचा हप्ता याच हिशेबात बसवा.

मैदानाची तयारी बहुतेक ठिकाणी चांगली असते. भरतीत 1600 मीटर 5 मिनिटे 30 सेकंदांच्या आत धावले तर 60 गुण, 10 पुलअप्सना 40. म्हणजे 400 मीटरची फेरी सरासरी 82 सेकंदांत. पोरं पहिलीच फेरी 70 मध्ये मारतात आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होतात. उस्ताद प्रत्येक फेरीला घड्याळ लावतो का, हे स्वतः उभे राहून बघा. रोज डांबरी रस्त्यावर पळवत असतील तर नडगी दुखणारच. मातीचे मैदान हवे.

खरी कमतरता वर्गात आहे. 2023 पासून ऑनलाइन लेखी परीक्षा मैदानी चाचणीच्या आधी होते, चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. तरी कित्येक अकादम्यांत संगणकावर सराव नाही. घरी संगणक असलेल्या शहरी मुलापुढे गावचा काटक पोरगा इथेच मागे पडतो, याची फार चीड येते.

मुलगा दहावीत असेल आणि अभ्यासात चांगला असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा आधी द्या. तिथली तयारी एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), म्हणजे अधिकारी होण्याची असते.